शिडीची गाडी कुठे आणि कशी उभी करावी? सांगली-मिरजेत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अग्निशमन दलात शिडीच्या गाडीवर नोकरी केलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "शिडी किती मजले जाते हो?" ती शिडी उभी कशावर राहते, हे क्वचितच कुणी विचारतं. निवृत्तीनंतर सोसायट्यांच्या बैठकांत, गणेश मंडळांत आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसह इथे मांडले आहेत. बरीचशी उत्तरं जमिनीकडे वळतात. सांगलीत राहायचं तर ते होणारच.

शिडीची गाडी म्हणजे नेमकी कोणती?

ट्रकच्या सांगाड्यावर एक फिरता पाट असतो, त्याला टर्नटेबल म्हणतात. त्यावर एकात एक सरकणारी लोखंडी शिडी बसवलेली असते. काही गाड्यांना टोकाशी पिंजरा असतो. गाडीच्या चार कोपऱ्यांतून हायड्रॉलिक पाय बाहेर येऊन जमिनीवर टेकतात. त्यांचं पुस्तकी नाव आउटरिगर, पण आम्ही सगळे जॅकच म्हणतो. साधारण 30 मीटर शिडीच्या गाडीचं वजन 15 ते 18 टनांच्या घरात असतं. चाकांवर ती फक्त चालते. शिडी वर गेली की सगळा खेळ त्या चार पायांवर असतो.

आगीच्या ठिकाणी आधी कोणती गाडी पुढे घ्यावी?

इमारतीसमोरची मोक्याची जागा शिडीच्या गाडीसाठी मोकळी ठेवावी. पाण्याचा बंब पन्नास-शंभर मीटर मागे राहिला तरी होजला होज जोडून पाणी पुढे नेता येतं. शिडी मात्र आहे तेवढीच लांब होते. पहिला बंब घाईघाईत दारातच उभा केला आणि मागून आलेल्या शिडीला जागाच उरली नाही, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. पाइप पसरले, पाणी सुरू झालं, की तो बंब मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून हा निर्णय गाडी वळणावर असतानाच झालेला बरा.

इमारतीपासून किती अंतरावर थांबायचं?

अंतर मोजायचं ते टर्नटेबलच्या मध्यापासून. नवा चालक बंपर कुठे आला ते बघतो आणि तिथेच फसतो.

ढोबळ हिशेब असा. 30 मीटर शिडी 70 अंशांत उभी केली तर टोक सुमारे 28 मीटर वर आणि 10 मीटर पुढे जातं. 60 अंशांत 26 मीटर वर, 15 मीटर पुढे. 45 अंशांत दोन्ही 21 मीटर. शिडी जितकी आडवी, तितका ती गाडीला उलथवायचा जोर मोठा. म्हणून कमी कोनात पूर्ण लांबी मिळतच नाही, गाडीची यंत्रणा मध्येच थांबवते. प्रत्येक गाडीला भार आणि पल्ल्याचा स्वतःचा तक्ता असतो आणि तो चालकाला पाठच हवा. युरोपात शिडीच्या वर्गाचं नावच यावरून पडलं आहे: 23-12 म्हणजे 12 मीटर दूर उभं राहून 23 मीटर उंची.

फार जवळ उभं राहिलं तर खालच्या मजल्यांवर शिडी टेकवताच येत नाही. फार लांब राहिलं तर वरचा मजला हातचा जातो. पोहोचल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा: माणसं कोणत्या खिडकीत आहेत? त्या खिडकीवरून गाडीची जागा ठरते.

इमारत कोसळेल अशी शंका असेल तर?

भिंत बाहेर पडली तर कुठवर येईल, याचा अंदाज इमारतीच्या उंचीच्या दीडपट धरतात. 12 मीटर उंचीचा वाडा असेल तर 18 मीटर. सांगलीच्या गावभागात किंवा खणभागात एवढं अंतर मागे जायला रस्ताच नसतो. अशा वेळी इमारतीच्या कोपऱ्याशी तिरकी जागा घ्यावी. भिंती बहुधा समोर पडतात, कोपऱ्याच्या दिशेला मलबा कमी येतो. शिवाय कोपऱ्यावरून दोन बाजूंना शिडी फिरवता येते.

मिरज-कुपवाड औद्योगिक वसाहतीत आणि तासगावच्या बाजूला हळदीची, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. त्यांच्याबाबत जास्तच सावध राहा. त्यांना खिडक्या नसतात, भिंतीत फोमचा थर असतो, आणि आग आतल्या आत पसरताना बाहेरून काही दिसत नाही. तिथे गाडी समोरच्या भिंतीला लावायचा मोह टाळावा.

जॅकखाली लाकडी फळी किंवा प्लेट कशाला? जॅकला स्वतःचा लोखंडी तळवा असतोच की.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर शाळेच्या गणितात आहे.

शिडी एका बाजूला फिरली की भार चार पायांवर सारखा राहत नाही, त्या बाजूच्या एका पायावर गाडीच्या वजनाचा मोठा वाटा येतो. समजा 10 टन आला. जॅकचा तळवा 30 बाय 30 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 900 चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 11 किलोपेक्षा जास्त दाब. त्याच तळव्याखाली 60 बाय 60 ची मजबूत प्लेट सरकवली की क्षेत्रफळ 3600 होतं आणि दाब पावणेतीन किलोच्या आसपास उतरतो. लांबी-रुंदी दुप्पट केली, दाब चौथाईवर आला. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकात प्लेटसह जमिनीवरचा दाब 75 पीएसआयच्या, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर साधारण 5.3 किलोच्या आत ठेवायला सांगितलं आहे. ही मर्यादा गाडी बनवणाऱ्यासाठी आहे. पावसात भिजलेल्या काळ्या मातीला एवढासुद्धा दाब झेपत नाही. तिथे आणखी मोठी प्लेट लागते, नाहीतर जागाच बदलावी लागते.

फळीचे काही नियम आहेत. जॅक फळीच्या बरोबर मध्यावर यावा, कडेला आला तर फळी त्या बाजूला तिरपी होऊन रुतते. फळीखाली पोकळी राहू नये. दोन थर लावायचे असतील तर खालचा थर सलग हवा, मध्ये फट ठेवून रचलेले ओंडके नकोत. पिचलेली, तेल प्यालेली फळी फेकून द्यावी. आणि जॅक खाली येताना हात-पाय लांब ठेवावेत. फळी नीट करायला शेवटच्या क्षणी वाकलेल्या जवानाची बोटं चिरडायला वेळ लागत नाही.

सांगलीची जमीन एवढी वेगळी काय आहे?

तीन गोष्टी सांगतो.

पहिली, काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि लोण्यासारखी होते. मे महिन्यात ज्या साइडपट्टीवर गाडी निवांत उभी राहिली, तीच साइडपट्टी जुलैत जॅक गिळते. रस्त्याचं डांबर जिथे संपतं त्या कडेला म्हणूनच जॅक कधी टेकवू नये. डांबराची कड तुटते आणि फळी एका अंगाला बसते.

दुसरी, पूर. कृष्णा नदीवरच्या इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी 2005 ला आणि नंतर 2021 लाही नदी गावात आली. पाणी ओसरताना रस्त्याखालची माती घेऊन जातं आणि वर डांबराचा पापुद्रा तसाच राहतो. पूर गेल्यानंतरचे काही महिने हरभट रोड, मारुती चौक, बसस्थानकाचा परिसर अशा पाणी साचलेल्या भागात रस्ता दिसायला ठीक आहे म्हणून विश्वास ठेवू नये. पहार आपटून आवाज ऐकावा. पोकळ, ढोलकीसारखा आवाज आला तर तिथून हलावं. आवाज भरीव आला म्हणून जमीन पक्कीच आहे असंही नाही, पण फुटकं मडकं तरी कळतं.

तिसरी गोष्ट सांगलीजवळच्या हरिपूर गावाची. तिथली हळदीची पेवं बाहेरगावच्या चालकाला माहीत असायचं कारण नाही. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. पिढ्यान् पिढ्या व्यापाऱ्यांची हळद त्यात राहिली. 2005 च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं खचली आणि गोदामांचा वापर वाढला. पेवं मात्र जमिनीत आहेतच, काही बुजवलेली, काही नुसतीच झाकलेली. वर गवत, शेजारी गोदाम, मध्ये मोकळं मैदान. गाडी उभी करायला यापेक्षा फसवी जागा मला माहीत नाही.

आणि सगळ्या गावांत असतात ती फरशीखालची गटारं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सरावात आमच्या गाडीचा मागचा जॅक गटाराच्या फरशीवर टेकला. फरशी स्वच्छ झाडलेली, कडा सिमेंटने बुजवलेल्या, कुणालाच संशय आला नाही. शिडी वर घेतली, फिरवली, आणि कडकन् आवाज झाला. जॅक सात-आठ इंच खाली गेला. शिडी अर्धीच बाहेर होती आणि वर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून जॅक टाकण्याआधी गाडीभोवती पायी एक फेरी मारल्याशिवाय मी लिव्हरला हात लावला नाही. चेंबरची झाकणं, फरशीचे सांधे, नुकतीच खोदून बुजवलेली चारी, गळक्या नळामुळे ओली राहिलेली जागा, हे सगळं त्या फेरीत दिसतं.

रस्त्याला उतार असेल तर?

सांगली सपाट आहे असं आपण म्हणतो, पण पुलांचे जोडरस्ते, घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या आणि मध्ये फुगीर, कडेला उतरते रस्ते आहेतच. 30 मीटर शिडीचा पाया एक अंश कलला तर टोक अर्ध्या मीटरहून जास्त सरकतं. पिंजऱ्यातल्या माणसाला एक अंश म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

शक्य असेल तर गाडी उताराच्या रेषेतच ठेवावी, आडवी नको. काम चढाच्या बाजूला येईल अशी जागा घ्यावी, म्हणजे शिडी चढाकडे झुकेल. उताराकडे झुकलेली शिडी गाडीला उलथवायला मदत करते. आधी हँडब्रेक, मग चाकं सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग जॅक. गाडी समतल झाली का हे केबिनशेजारच्या लेव्हलवर पाहायचं. गवंड्याची पाणसळ असते तसाच तो बुडबुडा असतो. एनएफपीएच्या चाचणीत सपाट जमिनीवर गाडीने ठरलेल्या भाराच्या दीडपट भार पेलावा लागतो, आणि 5 अंशांच्या उतारावर सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे 1.33 पट. उतारावर राखीव ताकद कमी होते ती इतकी. आपल्या गाडीला किती अंश चालतात ते तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तोच आकडा धरायचा.

जॅक टाकल्यावर चाकं जमिनीवरून उचलायची की टेकलेली ठेवायची?

गाडीगणिक वेगळं. काहींत चाकं पूर्ण उचलतात, काहींत टायर टेकलेले राहतात पण भार जॅकवर जातो. दोन्हीत मतलब एकच, स्प्रिंग आणि हवेच्या टायरवर गाडी डुलता कामा नये. पुस्तिका बघा, जुन्या गाडीची सवय नव्या गाडीला लावू नका.

गल्ली अरुंद आहे, एका बाजूचे जॅक पूर्ण बाहेर येत नाहीत. मग?

ज्या बाजूला जॅक पूर्ण बाहेर आहेत त्याच बाजूला शिडी चालवायची. नव्या गाड्या हे स्वतः मोजतात आणि आखूड पायांच्या बाजूला शिडी जाऊ देत नाहीत. जुन्या गाडीत चालकालाच ते लक्षात ठेवावं लागतं. म्हणून गल्लीत शिरण्याआधीच ठरवावं की आग कोणत्या हाताला येणार आणि कोणत्या भिंतीला गाडी चिकटवायची.

सुरक्षेचा स्विच बायपास करून "जरा दोनच मीटर अजून" काढायचे प्रकार होतात. खिडकीत लेकरू रडत असताना हात तिकडे जातो, हे मी समजू शकतो. तरीही करू नका. गाडी उलटली तर वरचं लेकरू, शिडीवरचा जवान आणि खालची माणसं, सगळेच जातात. दोन मीटर कमी पडत असतील तर गाडी पुन्हा लावा, हाताने उचलायची शिडी वापरा, जिन्याने वर जा.

विजेच्या तारांचं काय?

शिडीच्या कामात मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटत आली आहे. जमीन खचताना आवाज तरी देते. तार काहीच सांगत नाही.

गाडी थांबवण्याआधी वर पाहायचं, थांबल्यावर नाही. 11 हजार व्होल्टची लाइन, रोहित्र, घरांकडे गेलेल्या तारा, सगळं शिडीच्या फिरण्याच्या वर्तुळात येतं का ते बघायचं. शिडीचा कुठलाही भाग, पिंजऱ्यातला माणूस आणि त्याच्या हातातलं हत्यार यांपैकी काहीही तारेच्या 3 मीटरच्या आत जाता कामा नये. टॉवरवरून जाणाऱ्या मोठ्या लाइनला हे अंतर आणखी वाढतं. वाऱ्याने तार झुलते, शिडीही झुलते, हे त्यात धरायचं. महावितरणला फोन करून पुरवठा बंद करायला सांगावं, आणि त्यांच्या माणसाने बंद झाल्याचं स्वतः सांगेपर्यंत तार चालू आहे असंच समजावं. गल्लीतले दिवे गेले म्हणजे लाइन बंद झाली असं नाही.

चुकून स्पर्श झालाच तर गाडीवरच्यांनी गाडीवरच थांबायचं. जॅक जमिनीला टेकलेले असल्यामुळे टायरचं रबर अजिबात वाचवत नाही. जमिनीवर उभं राहून गाडीला हात लावणारा माणूस मरतो. गाडी पेटल्यामुळे उतरणं भागच पडलं तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि पाय एकमेकांना चिकटवून घासत घासत लांब जायचं. ढांगा टाकल्या तर दोन पावलांमधल्या जमिनीतल्या व्होल्टेजच्या फरकानेही झटका बसतो.

गाडी नीट लागली. आता काम होईपर्यंत निश्चिंत?

नाही. माणूस चढवण्याआधी रिकामी शिडी कामाच्या दिशेला हळू फिरवायची आणि त्या बाजूच्या फळ्यांकडे पाहायचं. मग माणूस चढवायचा.

पाणी सुरू झालं की जमीन बदलते. शिडीच्या टोकावरच्या मॉनिटरमधून, म्हणजे पाण्याच्या तोफेतून, मिनिटाला 2000 लिटर पाणी जात असेल तर ते मिनिटाला 2 टन पाणी आहे. बरंचसं इमारतीवरून ओघळून गाडीखाली येतं. अर्ध्या तासापूर्वी घट्ट असलेली माती आता चिखल असते. शिवाय पाणी जोरात सुटताना नळाचा मागे धक्का बसतो, तोही शिडीवर येतो. म्हणून एक जवान केवळ जॅक पाहायला ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. फळी एका अंगाला झुकताना दिसली की त्याने ओरडायचं. आधी पाणी बंद, मग शिडी आत, मग बाकीचं.

वाऱ्याबद्दल एवढंच: जमिनीवर झुळूक असते तेव्हा 30 मीटरवर तीच झोंबते. पुस्तिकेतली मर्यादा ओलांडली की शिडी खाली.

आमच्या सोसायटीने काय तयारी ठेवावी?

पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे का? बहुतेक सोसायट्यांत असते, आणि नेमकी फाटकातून आत आल्यावर, जिथे शिडीची गाडी थांबेल तिथेच. तिचा स्लॅब दुचाकी-चारचाकींचा विचार करून टाकलेला असेल तर जॅक थेट टाकीत जाईल. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेला 45 टनांची अग्निशमन गाडी पेलली पाहिजे आणि आत येण्याचा मार्ग 6 मीटरपेक्षा अरुंद नसावा. तुमच्या स्थापत्य अभियंत्याला विचारा की टाकीचा स्लॅब त्यात बसतो का. बसत नसेल तर टाकीच्या चारही कडा पिवळ्या रंगाने रंगवून ठळक अक्षरांत "खाली टाकी" लिहून ठेवा. हजार रुपयांचा रंग आहे.

गाड्या मोकळ्या जागेत लावू नका, फाटकावरची शोभेची कमान बंबाला अडेल एवढी ठेंगणी नको, आणि किल्ली रखवालदाराकडे हवी.

गणेशोत्सवात मंडपामुळे रस्ता अडतो. मंडळाने काय करावं?

रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवा आणि कमान उभारताना मोठ्या बंबाची उंची आधी विचारून घ्या. रोषणाईच्या माळा रस्त्यावर आडव्या बांधल्या असतील तर त्या एका झटक्यात कशा सोडायच्या ते दोन कार्यकर्त्यांना माहीत असावं. मंडपाच्या खांबांसाठी केलेले खड्डे विसर्जनानंतर ठोकून भरा. नुसती माती लोटलेला खड्डा पुढच्या पावसात जॅकसाठी सापळा होतो.

ही गाडी फ्लेक्स लावायला, झाडाची फांदी ओढायला मागितली तर?

नाही म्हणा. शिडीची ताकद वरून खाली येणाऱ्या भाराची असते, बाजूने ओढलं की ती पिळवटते. तो पीळ डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या खऱ्या आगीत समोर येतो.

काम संपल्यावर?

आधी शिडी पूर्ण आत आणि आडवी, मग जॅक वर. हा क्रम थकव्यात चुकतो, म्हणून एकाने मोठ्याने म्हणावं, दुसऱ्याने दुजोरा द्यावा. फळी उचलल्यावर खाली किती खळगा पडला ते पाहून नोंदवा. पुढच्या वेळी त्या चौकात जाणाऱ्याला ती नोंद उपयोगी पडते.

आम्ही साधी माणसं. आग लागल्यावर आम्ही काय करावं?

101 किंवा 112 वर फोन करा, रस्ता मोकळा करा, जॅकपासून आणि शिडीखालून लांब राहा. आणि एक काम तुम्हीच करू शकता. मोठ्या आगीला शेजारच्या शहरांतूनही गाड्या येतात. त्या चालकाला आपल्या गल्लीची जमीन माहीत नसते. त्याला गाठा आणि सांगा, इथून गटार गेलंय, इथे परवाच खोदलंय, इथे टाकी आहे.

हरिपुरात एकदा मी गाडी मागे घेत होतो. एक म्हातारे काठी आपटत समोर आले आणि म्हणाले, "मालक, हितं नगा लावू, हितं आमचं पेव हाय." मी गाडी वीस फूट पलीकडे नेली. ते काठीने जमीन ठोकत माझ्याबरोबर चालत आले आणि जिथे थांबले तिथे म्हणाले, "हा, आता लावा."